वस्तादांची ओळ

टाकवडीच्या यात्रेत कुस्त्यांच्या जोड्या संगणक लावणार, हे ऐकून मी पोट धरून हसलो होतो. मी इलाही मुलाणी, इस्लामपूरचा. लाऊडस्पीकर, जनरेटर आणि ते वाहायला एक मॅटाडोर, एवढाच माझा पसारा. सातारा-सांगलीकडच्या यात्रांत माईकवर जोड्या पुकारून पुकारून माझा घसा कायमचा बसलाय. जोडी कशी लागते ते मला विचारा. दोन गडी हौद्यात, म्हणजे कुस्तीच्या तांबड्या मातीत, उभे करायचे, पंचांनी डोळा बारीक करून वरखाली बघायचं आणि हातात हात द्यायचे. आता पंचांचा डोळा कुणासाठी बारीक होतो आणि कुणासाठी मिटतो, हे अख्ख्या गावाला ठाऊक असतं. बोलत कुणी नाही.

बोलली ती प्रियदर्शनी थोरवडे. तिचे वडील धोंडिराम फौजेतून हवालदार होऊन परत आले आणि टाकवडीच्या बुद्धविहाराशेजारी त्यांनी तालीम काढली. वर पत्रा, खाली तांबडी माती. पोरं मात्र अशी घडवली की बघत राहावं. पण यात्रेत त्या पोरांच्या नशिबी यायचा तो दुप्पट अंगाचा गडी. नाहीतर त्यांची कुस्ती पुकारायची दिवस कलल्यावर, लोक चपला शोधायला लागल्यावर. आदल्या साली त्यांच्या एका पोराचं खांद्याचं हाड मोडलं, तर पंच वर तोंड करून म्हणाले, "झेपत न्हाई तर येता कशाला?" मी माईक हातात धरून ते ऐकलं. तेव्हाही गप्प बसलो, कारण पुढच्या साली पुन्हा बोलावणं यायला हवं होतं.

प्रियदर्शनी सांगलीत विश्रामबागेला एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायची. ती सरळ यात्रा कमिटीचे अध्यक्ष लालासाहेब जगताप यांच्या दारात गेली आणि म्हणाली, "आबा, जोड्या वजनावर लावा. मशीन लावंल. कोण कुठल्या गल्लीतला हे मशिनीला कळत न्हाई."

लालासाहेबांना न्यायाचं काही सोयरसुतक नव्हतं. पण 'संगणकीकृत कुस्ती मैदान' असा कापडी फलक वेशीवर लागला तर आपला फोटो पेपरात येईल, हे त्यांच्या ध्यानात आलं. ते हो म्हणाले. तर ही पोरगी आणखी पुढं गेली. "एक अट हाय. मशिननं लावलेली जोडी कुणी हातानं बदलायची न्हाई. पंचांनी न्हाई, वस्तादांनी न्हाई, तुमीबी न्हाई. जो जोडी नाकारंल त्यो हरला, अन् त्याची तालीम पुढच्या सालाला बाद."

बाप-भावाच्या भल्यासाठी तिनं ही अट घातली होती. तिचा भाऊ मिलिंद त्याच तालमीतला, धोंडिरामांचा सगळ्यात तयार पठ्ठ्या. त्याला एकदा तरी बरोबरीचा गडी मिळावा, एवढंच तिचं मागणं होतं.

अठ्ठ्याण्णव सालची ही यात्रा. स्टेजवर माझ्या अँप्लिफायरशेजारीच ते यंत्र मांडलं होतं. सकाळी तिनं मला ते दाखवलं. लहान पोराला खेळणं दाखवावं इतक्या हौसेनं दाखवलं.

"बघा चाचा, ही मोठी चौकट म्हंजी तालीम. तिच्या पोटात दुसरी चौकट, तिच्यात तालमीतलं पैलवान. अन् तिच्या पोटात तिसरी, तिच्यात ज्याच्या त्याच्या वजनाच्या नोंदी. जोडी लावायचं बटण हाय भायेर, अन् वजन पार आत. बटणाला आतलं दिसत न्हाई. त्याला वाट सांगाय लागती, ह्या चौकटीत जा, मग तिच्यातल्या चौकटीत जा, मग वजन घे. नुसतं 'वजन' म्हटलं तर मशीन म्हणतं, असलं कोण हितं ऱ्हात न्हाई. त्या एका ओळीनं रडवलं मला."

"म्हंजी पाव्हण्याला गल्ली सांगायची, मग घर सांगायचं, मग आतली खोली सांगायची," मी म्हणालो.

"अगदी तसंच," ती म्हणाली आणि हसली.

पडद्यावर प्रत्येक तालमीच्या यादीत पहिली ओळ वस्तादांची होती. ते का, हे मी तिला विचारलंसुद्धा नाही. आमच्याकडे तालमीचं काहीही लिहायचं झालं तरी पहिलं नाव वस्तादांचं, मग पोरांची. गुरूच्या आधी आपलं नाव घालणारा पैलवान अजून जन्मायचाय. कमिटीनं वस्तादांनाही काट्यावर चढवलं होतं, मान म्हणून. थोरवडे तालमीच्या यादीत त्यामुळं सगळ्यात वर होतं धोंडिराम थोरवडे, चौऱ्याण्णव किलो. मिलिंद खाली होता, एकसष्ट किलोचा.

सकाळच्या सत्रात बारक्या पोरांच्या कुस्त्या झाल्या आणि मला माझं हसू परत गिळावं लागलं. काय जोड्या लागल्या! तराजूच्या दोन पारड्यांत ठेवल्यासारखी पोरं. एकेक कुस्ती अशी रंगली की हलगीवाल्याचे हात दुखले. म्हातारे पंच एका बाजूला पान चघळत बसले होते, त्यांना काही कामच उरलं नाही. लालासाहेब प्रत्येक पाहुण्याला ओढून आणून पडदा दाखवत होते, जणू ते यंत्र त्यांनीच जन्माला घातलं होतं.

दुपारी मोठ्या गड्यांचा फड उभा राहिला. आणि फड उभा राहिला की बायामाणसांनी मैदानाजवळ थांबायचं नाही, ही टाकवडीची रीत. भैरोबाचा हौदा विटाळतो म्हणे. सकाळपासून जिच्या हातावर सगळं मैदान चाललं होतं, तिला लालासाहेब म्हणाले, "आता तू शाळंच्या व्हरांड्यात जाऊन बस, पोरी. आमचा प्रथमेश बघंल." प्रथमेश त्यांचा पुतण्या, इस्लामपुरात डिप्लोमा करणारा, केसाला जेल लावून आलेला. ती आधी भांडली. मग बापाकडं बघून उठली. जाताना त्याला म्हणाली, "वर पैलवानाच्या बिल्ल्याचा नंबर टाक अन् बटण दाब. बाकी काय करू नगंस."

एवढंच सांगितलं. ती स्वतः सकाळभर नंबर टाकायची, मग उंदीर सरकवून आतल्या चौकटीत त्या पैलवानाच्या ओळीवर टिचकी मारायची आणि मगच बटण दाबायची. तिच्या हाताला ती सवयच होती. चूल पेटवताना बाई फुंकर मारते, ती कुणाला शिकवताना थोडीच सांगते? प्रथमेशनं सांगितलं तेवढंच केलं, त्याला दोष कसा देऊ.

तिसऱ्याच जोडीला मी चिठ्ठी वाचताना अडखळलो. खंडाळ्याकडचा एक पोरगा हौद्यात उतरला, हाडं मोजून घ्यावीत असा. समोर त्याच्या दीडपट अंगाचा गडी. लोकांना गंमत वाटली. "बघा रं, मशिनीला भूक लागली!" असं कुणीतरी ओरडलं आणि हशा पिकला. मी माईकवर हात ठेवून प्रथमेशला विचारलं, "आरं, ही कसली जोडी?"

"मशिननं लावलीय, चाचा. मी काय करू?"

पोराचा वस्ताद लालासाहेबांकडं धावला. लालासाहेबांनी स्टेजवर लावलेल्या अटीच्या फलकाकडं बोट दाखवलं. नाकारलीस तर हार, आणि तालीम बाद. तोवर खाली त्या गड्यानं पोराला कमरेत उचललं आणि आपटलं. पोरगं हातावर पडलं. हाताचं कोपर ज्या बाजूला वळायला नको त्या बाजूला वळलं. हशा बंद झाला. पोरगं त्या हाताकडं बघत बसलं, तो हात दुसऱ्याचा असल्यासारखा. त्याला धोतरात गुंडाळून नेलं आणि मातीवर पाणी शिंपडलं.

तेवढ्यात पुढची चिठ्ठी माझ्या हातात आली. मिलिंद धोंडिराम थोरवडे विरुद्ध गुंडा.

गुंडाला त्या भागात कोण ओळखत नव्हतं! कर्नाटकाच्या सीमेवरचा गडी, पंच्याण्णव किलोचा. आईबाप उसाच्या फडावर, आणि हा मैदानं मारून घर चालवणारा. मान कुठं संपते आणि खांदा कुठं सुरू होतो ते कळायचं नाही. त्यानं गेल्या हंगामात दोघांची बरगडी मोडलेली. मी चिठ्ठी परत प्रथमेशच्या हातात कोंबली. त्यानं ती परत माझ्या हातात दिली. लालासाहेब मागून म्हणाले, "वाच की रं इलाही, का मुकं झालास?" मी वाचलं. पोटासाठी माणूस काय काय वाचतो.

मिलिंद हौद्यात उतरला तेव्हा सगळं मैदान चुळबुळलं. धोंडिराम कडेला पोराचे कपडे काखेत धरून उभे होते. त्यांच्या तोंडावरची रेष हलली नाही. त्यांच्याच घरानं मागितलेला न्याय होता, आता तोंड कुठं उघडणार? गुंडानं मिलिंदला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि तो पंचांकडं वळला. "ह्यो पोरगा हाय हो. मी न्हाई खेळत." पंच म्हणाले, "मग हरलास म्हणायचं." गुंडा मान खाजवत परत आला आणि मिलिंदला कन्नडातली धाकट्या भावाची हाक मारून हळूच म्हणाला, "तम्मा, पाठ टेकव अन् जा घरला. मी लागू देणार न्हाई."

स्टेज हौद्याला लागूनच होतं म्हणून ते मला ऐकू आलं. दुसरा कुणी असता तर पाठ टेकवून वाचला असता. पण मिलिंद धोंडिरामांचा पोरगा. आदल्या सालचं 'झेपत न्हाई तर येता कशाला' त्याच्या कानात होतं. त्यानं शड्डू ठोकला आणि गुंडाच्या गालावर फाडकन चपराक दिली.

मग गुंडानं दया सोडली. पहिल्याच पकडीत त्यानं मिलिंदचं डोकं खाली दाबून गुडघा वर आणला. नाक फुटलं. रक्त आणि माती एक होऊन पोराच्या तोंडाला लिंपली गेली. मिलिंद उठला. गुंडानं ढाक मारून त्याला पाडलं, पण तो कुशीवर पडला, पाठ नाही टेकली. पाठ टेकत नाही तोवर आमच्याकडे कुस्ती संपत नाही. गुंडानं त्याला चीत करायला मानेत हात घातला, तर त्यानं मान कडक करून धरली. मग गुंडा त्याच्या मानेवर गुडघा देऊन बसला आणि सगळं पंच्याण्णव किलो हळूहळू त्यावर सोडायला लागला. लोक ओरडत होते, "टेकव रं पाठ, टेकव!" आणि काहीजण ओरडत होते, "मोड!" हे 'मोड' म्हणणारे प्रत्येक मैदानात असतात. त्यांच्या घरीही पोरं असतात, तरी ते असं कसं ओरडतात, हे मला कळत नाही.

शाळेच्या झाडाला माझा एक कर्णा बांधलेला होता. त्या कर्ण्यातून प्रियदर्शनीनं दोन्ही नावं ऐकली आणि ती पळत सुटली. सगळ्यांची वजनं तिला पाठ होती. मैदानाच्या कडेला गड्यांनी तिला अडवलं. एकानं दंड धरला, दुसऱ्यानं वेणी. "कुटं चाललीस, हौदा हाय ह्यो!" तिनं पायातली चप्पल काढून पहिल्याच्या तोंडावर अशी मारली की त्याचा फेटा सुटला. दुसऱ्याच्या मुठीत केसांचा पुंजका राहिला. ती स्टेजवर चढली तेव्हा तिच्या कपाळावरून रक्ताचा ओघळ येत होता आणि तिला त्याचा पत्ता नव्हता.

तिनं प्रथमेशला खुर्चीवरून ढकलून दिलं. पडद्यावर वर मिलिंदचं नाव होतं. आतल्या चौकटीत एक काळा बाण होता आणि तो पहिल्या ओळीवर उभा होता. धोंडिराम थोरवडे. तिसऱ्या चौकटीत चौऱ्याण्णव.

"चाचा," ती म्हणाली. तिनं पडद्यावर बोट ठेवलं. "वाट बरोबर हाय. पण आत गेल्यावर जो म्होरं उभा असंल त्याचंच वजन ते घेतंय. तालीम बदलली की बाण पयल्या ओळीवर येतोय. पयली ओळ वस्तादांची."

म्हणजे पाव्हणा बरोबर खोलीत शिरला आणि दारात भेटला त्यालाच नवरामुलगा समजून हळद लावून आला. खंडाळ्याच्या पोराचा हातही असाच गेला होता.

"थांबवा, आबा," तिनं लालासाहेबांचा हात धरला. "जोडी चुकलीय."

लालासाहेबांनी हात सोडवून घेतला. सकाळपासून ज्यांचे पंच रिकामे बसले होते, त्या माणसाच्या डोळ्यांत मला आनंद दिसला. मी तो कधी विसरणार नाही. ते म्हणाले, "चुकलीय व्हय? मग सांग की माईकवर. मशीन चुकतंय म्हन. मी आत्ता कुस्ती थांबवतो. अन् पुढच्या सालापासनं आमचं पंच हायतच जोड्या लावायला."

पोरीपुढं दोन वाटा होत्या आणि दोन्हीकडं खड्डा. माईकवर चूक कबूल केली तर भाऊ वाचत होता, पण बापाच्या तालमीतली सगळी पोरं पुन्हा त्या मिटणाऱ्या डोळ्यांच्या ताब्यात जात होती. दरवर्षी एकेक हाड मोडत राहणार. आणि गप्प बसली तर भावाची मान आत्ता मोडणार. खाली मिलिंदचे पाय मातीत खरडत होते, आणि ते खरडणं हळूहळू कमी होत चाललं होतं.

धोंडिराम स्टेजच्या पायथ्याशी आले. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

"वजन कुणाचं घेतलं मशिननं?" त्यांनी विचारलं.

"तुमचं, आप्पा."

धोंडिरामांनी पोराचे कपडे खाली ठेवले आणि स्वतःच्या सदऱ्याची बटणं सोडायला सुरुवात केली. फौजेत शिकलेली शिस्त, एकही बटण तोडलं नाही. "मग जोडी माझी हाय. मशीन चुकलं न्हाई. तसं सांग."

तिनं बापाकडं बघितलं. तिला कळलं की हे खोटं आहे, आणि या खोट्यात भाऊ आणि मशीन दोन्ही वाचतात. मग तिनं माझ्या हातातून माईक ओढून घेतला.

"जोडी बरोबर हाय," तिचा आवाज सगळ्या कर्ण्यांतून निघाला. बाईचा आवाज त्या मैदानावर पहिल्यांदाच निघाला असेल. "मशिननं जोडी लावली ती धोंडिराम थोरवडे यांची. वजन चौऱ्याण्णव. नाव वाचणाऱ्यानं चूक केली. कुस्ती वस्तादांची हाय."

म्हणजे पाप माझ्या माथी. घेतलं. तेवढं तरी माझ्या हातून व्हावं.

लोकांना याहून मोठा तमाशा कुठला मिळणार होता! मैदान असं उसळलं की लालासाहेबांना नाही म्हणायला जागाच उरली नाही. यादीत पहिलं नाव वस्तादांचं होतं, तेही त्यांच्याच कमिटीनं काट्यावर चढवून लिहिलेलं. पंचांनी गुंडाला मिलिंदच्या मानेवरून उठवलं. पोरगं श्वासासाठी बोंबलत कडेला सरपटत गेलं. बहिणीनं खाली उडी मारून त्याचं डोकं मांडीत घेतलं. माईक तिच्या हातातच राहिला आणि मी तो बंद केला नाही.

धोंडिराम लंगोटावर हौद्यात उतरले. पन्नाशी उलटलेला माणूस, छातीवरचे केस पांढरे, एका गुडघ्याला जुना मार. गुंडानं वाकून त्यांच्या पायाला हात लावला. "वस्ताद, माफी असावी." धोंडिरामांनी त्याच्या पाठीवर थाप दिली. एवढ्या त्या दंगलीत हीच एक गोष्ट मला बघण्यासारखी वाटली.

पुढची कुस्ती बघण्यासारखी नव्हती. गुंडानं सुरुवातीला हात आखडता घेतला, पण लोकांनी त्याला डिवचलं आणि त्यानं म्हाताऱ्याला खेळवायला घेतलं. मानेवर मनगटाच्या हाडानं घिस्से मारले. कानाच्या पाळीतून रक्त आलं. जुन्या मारावर लाथ बसली तेव्हा धोंडिराम गुडघ्यावर आले. तेवढ्यात गर्दीतून आदल्या सालचा तोच पंच ओरडला, "वस्तीवर जाऊन पेन्शन खा म्हाताऱ्या, झेपत न्हाई तर येता कशाला!"

मी धोंडिरामांचं तोंड बघत होतो. ती न हलणारी रेष तेव्हा हलली. एवढ्या सालांचं जे काही त्यांनी गिळलं होतं, ते सगळं एकदम वर आलं असणार. गुंडा पुढं झुकला, धोंडिरामांनी त्याचा उजवा हात काखेत घेतला, अंग फिरवलं आणि तो डोंगर पाठीवरून पलीकडं टाकला. गुंडाची पाठ सपाट मातीला लागली. शिट्टी झाली. टोप्या उडाल्या. कुस्ती संपली होती.

धोंडिरामांनी हात सोडला नाही. पंच म्हणाले, सोडा. मिलिंद बसक्या घशानं ओरडला, "आप्पा, सोडा!" धोंडिरामांची नजर त्या ओरडणाऱ्या पंचावर होती आणि हात गुंडाचा होता. त्यांनी पाय रोवून तो हात मागं नेला, आणखी मागं नेला. गुंडा डाव्या हातानं माती थोपटत होता, सोडा म्हणून, वस्ताद म्हणून. मग त्याच्या खांद्यात काहीतरी तुटलं आणि तो जे ओरडला ते प्रियदर्शनीच्या हातातल्या माईकमधून सगळ्या कर्ण्यांत गेलं. वेशीवर गेलं, देवळावर गेलं, शाळेच्या झाडावर गेलं. झाडावरची पाखरं उठावीत तशी लोकं उठली आणि बेभान झाली.

त्यांनी धोंडिरामांना खांद्यावर घेतलं. गुलाल उधळला. ज्यांनी 'मोड' म्हटलं होतं तेच सगळ्यात पुढं होते. लालासाहेबांनी स्वतःचा फेटा उतरवून त्यांच्या डोक्यावर बांधला आणि फोटोवाल्याला हाक मारली. धोंडिराम "सोडा मला" म्हणत होते, पण आता त्यांना कोण सोडतंय? ते खांद्यावर बसून मागं वळून वळून हौद्याकडं बघत होते. थोरवड्यांच्या घराला टाकवडीनं पहिल्यांदाच डोक्यावर घेतलं, आणि ते अशा कामासाठी. मला त्या गुलालाची किळस आली.

हौद्यात गुंडा एकटा पडला होता. त्याला आणलेला माणूस मिळेल तेवढं बक्षीस पदरात पाडायला कमिटीकडं पळाला होता. मी आणि प्रियदर्शनीनं त्याला उचललं. मिलिंदला तिनं तालमीतल्या पोरांबरोबर घरी पाठवलं. त्याची मान सुजली होती, पण हात-पाय हलत होते. जनरेटर तिथंच टाकून मी मॅटाडोर काढली आणि मिरजेच्या वाटेला लागलो.

मागं ती गुंडाचं डोकं धरून बसली होती. रस्त्यावर उसाच्या गाड्या होत्या. प्रत्येक खड्ड्याला तो आईला हाका मारायचा. इस्लामपूर मागं पडल्यावर तो जरा शुद्धीत आला आणि त्यानं विचारलं, "अक्का, मशीन तुमचंच न्हवं? जोडी बरोबर हुती का?"

आरशात मी तिच्याकडं बघितलं. तिनं हो म्हणायला हवं होतं, असं मला वाटतं. दुखण्यातल्या माणसाला तेवढाच आधार. पण ती खोटं एकदा बोलून चुकली होती, दुसऱ्यांदा तिला जमलं नाही.

"न्हाई," ती म्हणाली. "चुकली हुती."

"तुमाला कळलं हुतं?"

"व्हय."

"मग माईकवर का न्हाई सांगितलं? कुस्ती थांबली असती की."

ती बराच वेळ रडली. मग म्हणाली, "कबूल केलं असतं तर आमच्या पोरांच्या जोड्या परत त्या पंचांकडं गेल्या असत्या. आत माझा भाऊ हुता, त्याला तेवढं भायेर काढलं."

गुंडानं डोळे मिटून घेतले. मला वाटलं परत शुद्ध गेली. पण तो बोलला, रागानं नाही, नुसता एखादी गोष्ट समजावून सांगावी तसा.

"मी बी आतच हुतो की, अक्का."